सालईबांधवरची हाक

“मृदुला, ऊठ. त्याईच्या चपला पाण्यापाशी हायेत.”

तंबूचा पडदा हातानं धरून आई, म्हणजे माझ्या सासूबाई, अर्ध्या आत आणि अर्ध्या बाहेर उभ्या होत्या. उजाडलं होतं की नाही तेही कळेना. त्यांच्या मागे कालचा तलाव नव्हता, झाडं नव्हती, डोंगर नव्हता. नुसतं पांढरं होतं.

“असतील इथंच कुठेतरी,” मी गोधडीतूनच म्हणाले. “चपला टाकून कुठे जाणार?”

“तेच तं म्हणतो ना मी. चपला टाकून माणूस कुठी जाते?”

त्यांचा आवाज फार हळू होता. आईंचा आवाज एरवी दोन घरं ओलांडून जायचा. मी उठले, शाल गुंडाळली आणि त्यांच्यामागून उतारावरून पाण्याशी गेले.

बाबांच्या चपला ओल्या गवतात शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या, अंगठे पाण्याकडे. देवळाबाहेर काढाव्यात तशा नीट. त्यांच्याजवळच एक खुंटी होती. काल संध्याकाळी या खुंटीला डोंगा, म्हणजे इथली लाकडी होडी, बांधलेला मी पाहिला होता. आता डोंगा नव्हता, दोरीही नव्हती. पाणी तर हातभरच दिसत होतं, त्यापुढे धुकं.

“अहो!” आईंनी हाक मारली. “अहोऽऽ!”

काहीच आलं नाही. मी आईंकडे पाहिलं आणि आईंनी माझ्याकडे पाहिलं. दोघींच्याही मनात एकच गोष्ट होती आणि ती दोघींनीही तोंडातून काढली नाही.

ती गोष्ट मनात का आली, हे सांगायचं तर बाबांबद्दल सांगावं लागेल.

माझे सासरे दिगंबर इंगोले अमरावतीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. लाउडस्पीकरवरून त्यांनी जन्मभर गाड्या सोडल्या. काय आवाज होता! अकोला, परतवाडा, यवतमाळ ही नावं ते अशी घ्यायचे की उतारूला वाटावं, आपण काहीतरी मोठं काम करायला निघालोय. पण सगळे शब्द स्टँडवरच संपवून ते घरी यायचे. घरी फक्त ‘हं’. आई म्हणायच्या, “अहो, नळ गेला.” ते म्हणायचे, “हं.” “अहो, गोळी घेतली का?” “हं.” त्यांना काही सांगायचं असलं की ते म्हणायचे, “ऐकलं का,” आणि पुढचं बोटानं दाखवायचे. मी नाशिकची, बडबड्या घरातली. नाव मृदुला असलं तरी जिभेला धार होती. हे दोघं म्हणजे मला एका घरात राहणारे दोन भाडेकरू वाटायचे, एकाच नळावर पाणी भरणारे.

त्या वर्षी उन्हाळ्यात बाबा रिटायर झाले आणि तो ‘हं’सुद्धा गेला. ते दिवसभर ओसरीवर बसायचे, रस्त्यावरून एसटी गेली की मान वळवायचे आणि पुन्हा समोर बघायचे. जेवण निम्म्यावर आलं. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही नाही, यांना जरा बाहेर न्या. शिरीषचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, एक मित्र वनखात्यात होता. गोंदियाकडे सालईबांध नावाच्या जुन्या तलावाच्या काठी खात्यानं तंबू लावले होते. शिरीष म्हणाला, तिथे नेऊ, एकदम शांत जागा आहे.

“आणखी शांत?” मी म्हणाले. “मुक्याला मौनव्रत द्यायचं का आता?”

पण गेलो. मार्गशीर्ष होता. मित्राची जीप, आत आम्ही चौघं, आणि वरच्या कॅरिअरवर पोतंभर गोवऱ्या. जंगलाच्या गावाला जाताना घरून जळण नेणारी माणसं मी तेव्हाच पाहिली. पण आईंचा आग्रह होता. तळ्याकाठी जायचं तर कणकेचे जाड रोडगे झालेच पाहिजेत, आणि रोडगे भाजायचे तर आपल्याच गायीच्या गोवऱ्यांवर.

संध्याकाळी पोचलो आणि जीपमधून उतरले तो समोर तलाव. मला तलाव म्हणजे कठडा, भेळेची गाडी आणि पायडलची बोट एवढंच माहीत होतं. इथे डोंगराच्या कुशीत पाणीच पाणी, आणि त्यावर एक सुरकुती नाही. पलीकडचा डोंगर, त्यावरची सालईची पांढुरकी झाडं, वरचं केशरी आभाळ, सगळं पाण्यात जसंच्या तसं उतरलं होतं. मधोमध कमळांची पानं आणि त्यांच्यापलीकडे एक लांब काळसर पट्टा. मला ते बेट वाटलं. मग त्या बेटाचं एक टोक हललं.

“पाखरं हायेत जी ते,” तंबूंचा राखणदार म्हणाला. त्याचं नाव झिंगरू. तो याच तलावावर मासे धरणाऱ्या ढिवरांपैकी होता. “हिमालयावरून येते. थंडी सरली का जाते.”

बाबा पाण्याकडे पाहत राहिले. मग हळूच त्यांनी झिंगरूला काहीतरी विचारलं. त्यांनी आपणहून कोणाला काही विचारलं, याचंच आम्हाला इतकं नवल वाटलं, की काय विचारलं ते ऐकायचं राहिलंच. झिंगरूनं खुंटीचा डोंगा सोडला. एका आख्ख्या झाडाचं खोड कोरून केलेली ती होडी, जेमतेम दोन माणसांची.

“चपला काढा जी. डोंग्यात चपला चालत नाई. माय आहे ते आमची.”

बाबांनी चपला काढल्या. काठाकाठानं एक फेरी झाली, आणि परतताना डोंगा ढकलायचा बांबू बाबांच्या हातात होता. त्यांचं लहानपण पूर्णेच्या काठी गेलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

“अहो, पडसान ना!” आई काठावरून ओरडत होत्या. “अहो, बसा ना खाली!”

बाबा उभेच. मान किंचित वळवून म्हणाले, “हं.”

अंधार पडायच्या आत गोवऱ्या पेटल्या. निखाऱ्यांत रोडगे खरपूस भाजले, झिंगरूच्या घरून ताजी वांगी आली, आईंनी झणझणीत भाजी केली. वांगं हा आईंचा जीव की प्राण. सकाळी दिलं, संध्याकाळी दिलं, तरी “माय, काय चव हाये” म्हणून पुन्हा वाढून घेणार. रोडगा फोडून त्यावर तूप ओतलं, हात-तोंड माखलं, पोटं भरली आणि मला चेष्टेची लहर आली.

“आई, आता एक उखाणा होऊन जाऊ द्या.”

“चाल. म्हातारपणी काय उखाणा!”

“मग नुसतं नाव घ्या. शिरीषला मी दिवसातून शंभर वेळा नावानं हाक मारते, काय बिघडलं?”

“तुमचं तुमच्यापाशी,” आई एकदम गंभीर झाल्या. “उखाण्यात घेतलं तं चालते. त्यात मान असते. रिकाम्या तोंडानं नवऱ्याचं नाव नाई घ्यायचं. त्याईचं आयुष्य कमी होते. आमच्या सासूबाईनं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं मले.”

मी हसले. पण हे मला माहीत होतं. दत्ताच्या देवळात आरतीच्या वेळी देवाचं तेच नाव आलं की आई ओठ घट्ट मिटून नुसत्या टाळ्या वाजवायच्या. देवाचं नावही त्यांनी नवऱ्याच्या आयुष्यासाठी सोडलं होतं.

“बाबा, तुम्हीच सांगा आईंना,” मी म्हणाले.

उत्तर येईल असं वाटलंच नव्हतं. बाबा काटकीनं निखारे सारखे करत होते.

“माय होती तोवर हाक मारे,” ते म्हणाले. “मंग दादा मारे. आता हाक मारणारं कोणी नाई. नाव नुसतं रेशनकार्डावर उरलं.”

एवढं लांब वाक्य! शिरीषनं माझ्याकडे पाहिलं. आईंनी बाबांच्या पानात अर्धा रोडगा वाढला. पाण्यावरून पाखरांचा दबका, घशातल्या घशातला आवाज येत होता, झोपण्याआधी मुलं कुजबुजतात तसा. बाबा तो ऐकत बसले आणि मग उठून तंबूत गेले.

आणि आता सकाळी त्यांच्या चपला पाण्याकाठी होत्या.

आमच्या हाका ऐकून शिरीष धावत आला, मागून झिंगरू आला. झिंगरूनं खुंटी पाहिली, चपला पाहिल्या आणि धुक्याकडे पाहिलं.

“पोहता येते का जी साहेबाले?”

“लहानपणी येत असेल,” शिरीष म्हणाला. “आता दोन जिने चढले तरी धाप लागते.”

“मंधात कमळाचा गुंता आहे जी. डोंगा अडला आन् मानूस खाली उतरला, तं पाय सुटत नाई.”

“दुसरा डोंगा?”

“पलीकडं, गावात. आन् धुकं उठल्याबिगर कोनालेच दिसनार नाई जी काई.”

शिरीष आईंकडे न बघताच बांधावरून गावाकडे पळत सुटला. झिंगरू काठाकाठानं, गुडघाभर पाण्यातून, “साहेब, ओ साहेब” करत निघाला. दोघंही चार पावलांत धुक्यात गेले. त्यांचे आवाज काही वेळ येत राहिले, मग तेही येईनासे झाले. आम्ही दोघी उरलो आणि त्या चपला.

“बाबाऽऽ!” मी ओरडले. जोर लावून, पोटातून ओरडले. धुक्यानं आवाज गिळला. कापसाच्या ढिगात तोंड घालून ओरडावं तसं वाटलं.

“अहोऽऽ!”

“बाबाऽऽ!”

“अहो, अहोऽऽ! ऐकू येते का?”

आईंचा आवाज चिरकायला लागला. मी त्यांचा हात धरला. मला काल संध्याकाळचं ते लांब वाक्य आठवत होतं. न बोलणारा माणूस एकदम एवढं बोलतो तेव्हा ते बोलणं असतं की निरोप? मी तो विचार झटकला, तो पुन्हा आला. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आईंनी माझा हात सोडला. पदर डोक्यावरून घेतला, नीट, सणाच्या दिवशी घेतात तसा. दोन पावलं पाण्यात गेल्या. लुगड्याचा काठ भिजला. आणि त्या मोठ्यानं, धुक्याला उद्देशून म्हणाल्या,

“तुळशीपाशी पणती लावते वाकून,
दिगंबररावांचं नाव घेते सासूबाईचा मान राखून!”

मला हसू फुटायला हवं होतं. तळ्यात उभी राहून एक बाई उखाणा घेत होती, ऐकायला ना वऱ्हाडी, ना करवल्या. पण मला रडू आलं. तेवढ्या घाईतही त्यांना बाबांचं आयुष्य सांभाळायचं होतं. नाव तर घ्यायचं होतं, पण मानात गुंडाळून, म्हणजे त्याला धक्का लागणार नाही.

आम्ही ऐकलं. धुक्यातून कसलाही आवाज आला नाही.

आईंनी पुन्हा एकदा उखाणा घेतला. या वेळी आवाज मधेच तुटला. त्यांच्या पाठीवरून मला दिसत होतं की त्या आत काहीतरी ठरवताहेत. कोणाशी तरी भांडताहेत म्हटलं तरी चालेल. बहुधा त्या गेलेल्या सासूबाईंशीच.

“दिगंबर!”

मी दचकले. ‘राव’ नाही, ‘अहो’ नाही.

“दिगंबऽऽर! ओ दिगंबऽऽर!”

तो आवाज आईंचा वाटतच नव्हता. संध्याकाळी नदीकाठच्या एखाद्या ओट्यावरून पोराला घरी बोलवावं, तशी ती हाक होती.

आणि धुक्यातून, कुठून तरी आतून, ओ आली.

“ओऽऽऽ!”

मोकळी, खणखणीत, स्टँडवरची. सगळ्या फलाटांना ऐकू जावी अशी.

पुढे जे झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. आधी सुपातून धान्य ओतावं तसा सरसर आवाज आला. मग तो वाढला, वाढतच गेला, आणि आख्खा तलाव उठला. मला दुसरं काही म्हणता येत नाही, तलाव उठला. हजारो पंख पाण्यावर आपटत होते, हजारो गळे ओरडत होते, आणि दिसत काहीच नव्हतं. आमच्या तोंडावर वारा आला. वाऱ्याबरोबर पाण्याचे थेंब आले. पायाखालची जमीन थरथरतेय असं वाटलं. धुकं दुधासारखं उसळलं, फिरलं, आणि वरून फाटलं. त्या फाटीतून सूर्य दिसला, आणि सूर्यावरून पाखरांच्या माळा एकामागून एक निघाल्या. लांब माना, डोक्यावर काळ्या पट्ट्या, पंखांच्या कडा पेटल्यासारख्या. एक माळ गेली की दुसरी, तिच्यावर तिसरी, ती जिथवर दिसेल तिथवर. मी मान वर करून उभी होते आणि माझे हात आपोआप जोडले गेले होते. मी देवधर्म करणारी बाई नाही. पण जोडले गेले होते.

आभाळ रिकामं व्हायला बराच वेळ लागला. मग पाण्यावर शांतता पसरली आणि त्या शांततेत बांबू पाण्यात पडल्याचा आवाज आला. डुबुक. पुन्हा डुबुक.

आधी डोंग्याचं टोक दिसलं, मग बाबा. बसलेले, मफलर नीट गुंडाळलेला, मांडीवर एक राखी पीस. कपडे कोरडे होते. डोळे मात्र ओले होते.

डोंगा काठाला लागला. आईंनी त्याची कड दोन्ही हातांनी धरली आणि सोडलीच नाही.

“बाबा, कुठे होतात तुम्ही?” माझा आवाज चढला. “किती हाका मारल्या! ऐकू नाही आल्या?”

“आल्या ना,” बाबा म्हणाले. “सगळ्याईच्या आल्या.”

“मग?”

त्यांनी मागे पाण्याकडे पाहिलं. बोलू लागले तेव्हा ते आमच्याशी बोलताहेत की पाण्याशी, कळत नव्हतं. “मी अंधुक असतानाच गेलो. बांबू हळूहळू टाकत. मंग धुकं आलं, मी थांबलो. थोडं उजाडलं तं पाहतो, माझ्या चारीकडून तेच. झोपून. मान पंखात घालून. हात लांब केला असता तं पाठीवरून फिरवता आला असता, इतके जवळ. एक जण डोंग्याला टेकून झोपला होता. म्हणजे मले भ्यायलेच नाई ना ते. जन्मभर मी कर्णा लावून ओरडलो. मी गप्प बसलो तं इतके जण माझ्यापाशी येऊन झोपतात, हे मले माहीत नव्हतं.”

“पण ओ तरी द्यायची!”

“ओ दिली असती तं उडाले असते ना सगळे.”

हे उत्तर ऐकून मला राग यायला हवा होता. तो आला नाही.

“मग शेवटी का दिलीत?”

बाबांनी आईंकडे पाहिलं. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांनी आईंकडे असं थेट, मान न वळवता पाहिलेलं मला आठवत नव्हतं.

“आधी तुम्ही बाबाले बोलावलं, झिंगरूनं साहेबाले बोलावलं,” ते म्हणाले. “मंग हिनं मले बोलावलं.”

आईंनी डोंग्याची कड सोडली. त्या वळल्या, गवतातल्या चपला उचलल्या आणि बाबांच्या पायांपाशी आणून ठेवल्या.

“घाला त्या. गवत ओलं हाये. सर्दी झाली तं मीच हाये काढा कराले.”

बाबांनी चपला घातल्या. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “ऐकलं का. अजून एकदा मार ना हाक.”

“काहून? समोर तं उभे ना तुम्ही.” आणि आई पदरात तोंड लपवून रडायला लागल्या.

थोड्या वेळानं शिरीष आणि झिंगरू आले, ओरडाआरडा झाला, चहा झाला. सगळं आटोपल्यावर आईंनी मला तंबूमागे नेलं.

“मृदुला, तू शिकली हायेस. खरं सांग. मी रिकाम्या तोंडानं नाव घेतलं. त्याईचं आयुष्य कमी तं नाई होणार?”

एरवी मी अशा प्रश्नाची धूळधाण उडवली असती. “नाही आई,” मी म्हणाले. “आज वाढलं.”

त्यांना ते पटलं नसावं. दुपारी कालचे रोडगे गरम केले, वांग्याची भाजी पुन्हा झाली. आईंनी रोडगा नुसत्या वरणात कुस्करून खाल्ला. मी भाजी वाढायला गेले तर पानावर हात आडवा धरला. “नको. सोडलं म्या.” काय सोडलं, किती दिवसांसाठी सोडलं, ते मी विचारलं नाही. घरी परतल्यावर कळलं की वांगं सोडलं होतं. घरी भाजी व्हायची, आई सगळ्यांना वाढायच्या, वास घ्यायच्या आणि आपल्या पानात लोणचं घ्यायच्या. बाबा पुढे आयुष्यभर त्यांच्याकडे पाहत जेवले. वांगं का सोडलं ते त्यांना ठाऊक होतं, असं मला आता वाटतं.

बाबा पुढे पुष्कळ जगले. आमच्या मुलींची लग्नं त्यांनी पाहिली, पणतू मांडीवर घेतला. फार बोलके झाले असं नाही, पण आईंनी ‘अहो’ म्हटलं की ते ‘हं’च्या जागी ‘ओ’ म्हणायचे. आईंनी पुन्हा कधी नाव घेतलं नाही. दत्ताच्या देवळात ओठ तसेच मिटलेले. एका पावसाळ्यात दुपारच्या झोपेत बाबा गेले, कोणाला त्रास न देता.

त्याच वर्षी मार्गशीर्षात आई म्हणाल्या, “मले सालईबांधला ने.”

झिंगरू आता नव्हता. तंबूंच्या जागी पक्क्या झोपड्या झाल्या होत्या, बाहेर निळ्या रंगाचे फलक लागले होते. पाणी मात्र तसंच. संध्याकाळी मी रोडगे भाजले, भाजी केली. सवयीनं आईंच्या पानात लोणचं वाढलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “वांगं वाढ.” मी त्यांच्याकडे पाहिलं. “वाढ ना,” त्या म्हणाल्या. मी वाढलं. त्या हळूहळू, एकेक घास घेत जेवल्या आणि पान पुसून घेतलं.

सकाळी जाग आली तेव्हा शेजारची खाट रिकामी होती. मी शाल घेऊन उतारावरून खाली आले. धुकं पडलं होतं, त्या दिवशीसारखंच. आईंच्या चपला गवतात शेजारी शेजारी होत्या आणि आई घोटाभर पाण्यात उभ्या होत्या. पदर डोक्यावर होता, पण आता उखाण्याची गरज नव्हती. कमी व्हायला आता काही उरलं नव्हतं.

“दिगंबऽऽर!”

हाक पाण्यावरून गेली. आत कुठेतरी पाखरं होती. त्यांचा तो दबका, झोपेतला आवाज ऐकू येत होता. माझी काय अपेक्षा होती मला ठाऊक नाही. पण मी ऐकत होते, कान देऊन ऐकत होते.

एकही पंख हलला नाही.

बराच वेळ गेला. थंडीनं आईंचे खांदे थरथरायला लागले तेव्हा मी पाण्यात उतरून त्यांच्या खांद्यांवर शाल घातली.

“आई, चला आता.”

“थांब ना,” आई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं. “ऐकलं त्याईनं. पण ओ नाई देणार.” आणि मग माझ्या कानाशी येऊन, कोणी जागं होऊ नये इतक्या हळू म्हणाल्या, “पाखरं उडतीन ना सगळे.”